हुकमावरून

चिंतावारच्या दुकानात मी आजवर चार पाट्या लिहिल्या.
पहिली ‘उधार बंद’, त्याच्या बापाच्या काळात,
पिवळ्यावर लाल, अजून खडखडीत.
दुसरी सुट्ट्या पैशांची.
तिसरी जुन्या पाचशेच्या नोटेची,
तिचा रंग वाळायच्या आत तिचं काम संपलं.
आणि ही चौथी,
तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पत्र्याच्या तुकड्यावर:
‘दोनशेच्या आत कार्ड चालणार नाही.’

चौदा अक्षरं. बारा रुपये अक्षर.
काना, मात्रा, रफार फुकट.

शेट स्टुलावर बसून सांगत होता,
‘शंभराच्या मालात मले सुटतात सहा.
त्यातले दोन हे डबडं खाते.
वरून त्याचं भाडं. वरून रेंज नाही,
पासष्ट रुपड्यांसाठी मी निंबाखाली जाऊन
हात वर करून उभा राहू काय?’
मी ऐकत होतो. ‘चालणार’चा णा
जरा मोठा झाला होता.

लिहून झालं, तर खाली चार बोटं जागा उरली.
रिकामी जागा माझ्यानं बघवत नाही.
ब्रशात काळा होताच,
आपल्या मनानं लिहून टाकलं, ‘हुकमावरून’.
तहसिलीत, डेपोत, दवाखान्याच्या जिन्याशी
इतक्यांदा लिहिलाय हा शब्द,
की हात आपोआप वळतो.
शेट म्हणाला, ‘याचे पैसे नाही भेटणार.’
पण मान तिरपी करून दोनदा वाचलं त्यानं,
आणि एकशे अडुसष्ट मोजून दिले,
रोख.

पाटी लागली.
लोक वाचायचे, कार्ड परत पिशवीत टाकायचे.
तुळसाबाई आत्रामला फक्त चहापत्ती पाहिजे होती.
तिनं दोन साबण घेतले, एक गाळणी घेतली,
दोनशे चार भरवले.
‘गाळणी हाय ना घरी,’ ती मला बाहेर म्हणाली,
‘पण हुकूम हाय, बाप्पा.’
मी डबा उघडून ब्रश पुसत बसलो.

वसतिगृहातली पल्लवी सुरपाम आली कंपासपेटीला.
स्कॉलरशिपचं कार्ड, नवं कोरं,
कोपऱ्यावर अजून चिकटपट्टी.
तिनं पाटी वाचली. खालपर्यंत वाचली.
‘कोणाचा हुकूम?’
शेटनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग लक्ष्मीच्या फोटोकडे.
‘बँकेचा.’
‘कोणत्या?’
‘मोठ्या.’
तिनं वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेतलं,
‘मोठ्या’ सुद्धा.

पंधरा दिवसांनी हेल्मेट न काढताच
बँकेचा ढोटे दुकानात शिरला.
मशीनच्या कराराचा कागद गल्ल्यावर पसरला,
बोट ठेवून वाचला: इतक्याच्या वर असं म्हणता येणार नाही,
वरून दोन टक्के लावता येणार नाहीत,
घ्यायचं तर दहाचंही घ्यावं लागेल,
नाहीतर मशीन परत.
‘सही तुमचीच आहे ना?’
शेट आपली सही बघत राहिला,
कोणाच्या तरी लग्नपत्रिकेत आपलं नाव सापडावं तशी.

मला निरोप आला. पुसायला.
‘पुसायचे किती?’
‘तेवढेच. चौदा अक्षरं आहेत.’
‘मोबाईलवर टाकू?’
‘दोनशेच्या आत मी पण रोखच घेतो,’ मी म्हणालो.
हसला नाही.
पण खालच्या शब्दाशी ब्रश नेला, तर हात धरला त्यानं:
‘त्याचे लिहायचे दिले नव्हते,
पुसायचे कायले देऊ?’

पल्लवी पेटी घेऊन गेली.
निंबाखाली शेट हात वर करून उभा होता,
पावती निघेपर्यंत तीही उभी राहिली,
दोघं काही बोलले नाहीत.

आता वर नुसता पिवळा पत्रा,
ऊन तिरपं पडलं की ‘दोनशे’ पुसट दिसतं,
आणि खाली काळ्या ठसठशीत अक्षरात
माझा फुकटातला शब्द.
गिऱ्हाईक येतं, वर पाहतं, घुटमळतं.
परवा वाऱ्याच्या गावाकडच्या एकानं
दुकानाबाहेर चपला काढल्या.
शेट काही बोलला नाही.
आता सगळेच काढतात.